इंजिन खोलण्याआधी

साखर कारखान्यांची धुराडी थंडावली की निपाणी-कागल पट्ट्यात ट्रॅक्टर उघडायला लागतात. हंगामभर दोन-दोन ट्रॉल्या ऊस ओढून इंजिन दमलेलं असतं. बॉनेट भिंतीला टेकवलेलं, पुढचा ॲक्सल ओंडक्यांवर, रेडिएटर कडेला आणि खताच्या रिकाम्या पोत्यावर ओळीनं मांडलेले पिस्टन. एप्रिल-मे महिन्यात कोगनोळीच्या आसपास कुठल्याही गॅरेजसमोर हे दिसतं. मृगाच्या आत ट्रॅक्टर रानात हवा असतो, त्यामुळे मालक रोज संध्याकाळी येऊन उकिडवा बसतो आणि ‘झालं का मेस्त्री?’ एवढंच विचारतो. मेस्त्री म्हणतो, ‘क्रँक यायचाय.’ हा क्रँक कुठे गेलाय, का गेलाय आणि परत येईल तेव्हा त्याचं माप कोण तपासणार, हे मालकाला सहसा माहीत नसतं. ते त्याला कळावं म्हणून हे पुस्तक आहे. आणि गॅरेजात नुकत्याच लागलेल्या पोरासाठीही आहे, ज्याला ‘हे असं बसव’ एवढं सांगितलं जातं, पण असंच का, हे सांगायला कुणाला सवड नसते.

मराठीत यंत्रांवर लिहिण्याची रीत नवी नाही. नागपुरात १९१९ साली ‘उद्यम’ निघालं, पुढच्याच वर्षी किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’. शेतीवरही आपल्याकडे भरपूर छापलं जातं: बियाणं, खतं, ठिबक, कीड. पण शेतकऱ्याच्या घरातली जमिनीखालोखाल सर्वांत महाग वस्तू म्हणजे ट्रॅक्टर, आणि तिच्या पोटात काय चालतं यावर मात्र लिहिणारे थोडे. कंपन्यांची सर्व्हिस मॅन्युअलं बहुतेक इंग्रजीत आणि वितरकाच्या कपाटात. मेस्त्रीचं ज्ञान हातात आणि कानात. या दोन टोकांच्या मधली जागा रिकामी राहिली आहे.

नवख्या वाचकासाठी आधी मूळ गोष्ट. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. पिस्टन हवा सोळा-सतरा पटींनी दाबतो, दाबलेली हवा पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्याच क्षणी नोझलमधून फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. रुडॉल्फ डिझेलनं १८९७ साली ऑग्सबर्गला चालवून दाखवलेल्या इंजिनाचं तत्त्व आजही तेच आहे. म्हणजे सगळा भार हवा कोंडून धरण्यावर. ती निसटायला लागली की इंजिन थकलं. निसटायच्या वाटा तीनच: पिस्टनच्या रिंगा आणि तो ज्यात धावतो तो लायनर यांच्यामधून खाली, व्हॉल्व्हच्या बैठकीतून वर आणि हेड गॅसकेटमधून आडवी. सकाळी सुरू व्हायला खळखळ, ब्रीदरमधून फकफक निघणारी वाफ, निळसर धूर, ऑइल खाणं, चढाला दम तुटणं, ही सगळी लक्षणं या तीन वाटांपैकी एकीकडे किंवा तिन्हींकडे बोट दाखवतात. काळा धूर वेगळा. तो बहुधा हवा कमी आणि डिझेल जास्त झाल्याचा. त्यासाठी इंजिन खोलायची गरज नसते. आधी हवेची गाळणी आणि नोझल बघावी. काळ्या धुरापायी उगाच खोललेली इंजिनं मी पाहिली आहेत आणि तो खर्च नेहमी मालकाच्याच अंगावर पडतो.

झीज कशी होते हे समजलं की निम्मं इंजिनकाम समजलं. मॅसी फर्ग्युसन ३५ मधल्या पर्किन्सच्या तीन सिलिंडरी इंजिनाचा बोअर ९१.४४ मिलिमीटर आणि स्ट्रोक १२७ मिलिमीटर. दोन हजार फेऱ्यांवर त्यातला एकेक पिस्टन मिनिटाला अर्धा किलोमीटर धावतो. दहा तासांच्या दिवसात तीनशे किलोमीटर, तेही जागच्या जागी. पण लायनर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरची रिंग जिथून माघारी फिरते तिथे तो सर्वांत जास्त खातो, कारण तिथे पिस्टन क्षणभर थांबतो, ऑइलचा पापुद्रा तुटतो आणि जळणाचा दाब नि उष्णता नेमकी तिथेच शिगेला पोचलेली असते. त्या जागी बोट फिरवलं की पायरी लागते. खाली तळाशी लायनर जवळजवळ कोरा असतो. शिवाय कनेक्टिंग रॉडच्या तिरक्या रेट्यामुळे तो दोन बाजूंनी जास्त झिजतो आणि गोल असलेला बोअर अंडाकृती होतो. म्हणून बोअर डायल वर, मधे, खाली अशा तीन ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी उभं-आडवं लावायचं. एकाच ठिकाणचं माप घेऊन ‘अजून चालेल’ म्हणणं म्हणजे मापच न घेण्यासारखं. ती पायरी तशीच ठेवून नव्या रिंगा घातल्या तर वरची कोरी रिंग पायरीला आपटते आणि काही दिवसांत तुटते. मग दोष रिंगांच्या कंपनीला दिला जातो.

ही झीज आणणाऱ्यांत धुळीचा नंबर पहिला. रोटाव्हेटर मारताना ट्रॅक्टर स्वतःच उडवलेल्या धुळीत तासन् तास चालतो. जुन्या ट्रॅक्टरची हवा-गाळणी ऑइलच्या वाटीची. वाटीत चिखल साचला तरी कुणी उघडून बघत नाही, किंवा नळीचा क्लॅम्प सैल होऊन गाळणीला वळसा घालून हवा आत शिरते. मातीतली वाळू रिंगांपाशी पोचली की लायनर घासला जातो. हजारो तास चालायचं इंजिन त्याच्या अर्ध्या आयुष्यात खाली उतरतं, आणि नवीन किट टाकून तीच गळकी नळी पुन्हा बसवली तर पुढचा हंगामही त्याच वाटेनं जातो.

पाण्याचीही एक गोष्ट आहे. काही इंजिनांत लायनरच्या बाहेरून थेट पाणी फिरतं. त्यांना वेट लायनर म्हणतात. हे लायनर हातानं काढता-घालता येतात, खाली रबरी रिंग बसवली की काम झालं. पण पिस्टनच्या धक्क्यानं लायनर थरथरतो, पाण्यात सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि ते फुटताना लायनरच्या पाठीला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पाडतात. खड्डा आरपार गेला की पाणी ऑइलमध्ये. शिफारस केलेलं कूलंट घातलं तर हा त्रास बराच टळतो. आमच्याकडे मात्र रेडिएटरमध्ये बोअरवेलचं पाणी ओतायची सवय आहे. त्यातले क्षार ब्लॉकच्या आत थर धरतात, इंजिन तापतं आणि मग हेड वाकतं. वाकलेलं हेड फेसिंगला गेलं की प्रत्येक वेळी थोडं लोखंड जातं, तेवढा व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यामधला अवकाश कमी होतो. किती वेळा फेस करता येईल याला मर्यादा आहे, आणि हेडवर आधी किती वेळा मशिन फिरलंय याची नोंद कुणाकडेच नसते.

क्रँक हा या कामातला सर्वांत महाग आणि सर्वांत सोशिक भाग. त्याची जर्नल, म्हणजे बेरिंगात फिरणारा गोल भाग, मायक्रोमीटरनं मापायची: गोलाई किती गेली, उतार किती आला. मर्यादेबाहेर गेली तर ग्राइंडिंगला पाठवायची. जर्नल दहा, वीस, तीस थाऊ अशी पायरीपायरीनं उतरवतात आणि तेवढ्याच जाड बेरिंगा घालतात. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिलिमीटर. माणसाचा केस साधारण तीन थाऊ जाड असतो. मेन बेरिंगात ऑइलसाठी दोन-तीन थाऊची जागा सोडायची. ती दुप्पट झाली की तापल्यावर ऑइलचा दाब पडतो, खडखड सुरू होते. ग्राइंडिंगमध्ये एक बारीक गोष्ट असते जी मालकाला कधीच दिसत नाही. जर्नल आणि वेब यांच्या कोपऱ्यात कंपनीनं मुद्दाम गोलवा ठेवलेला असतो. घाईत ग्राइंडिंग करणाऱ्यानं तिथे तीक्ष्ण कोपरा काढला, तर माप अचूक असूनही क्रँक तिथून तडकतो. कधी दोन महिन्यांत, कधी वर्षानं, आणि बहुधा भरल्या ट्रॉल्यांसकट चढावर. म्हणून या पुस्तकात गोलवा तपासायला वेगळी जागा दिली आहे.

आता थोडं मागं जाऊ. हे लोखंड इथे आलं कसं?

लक्ष्मणराव किर्लोस्करांचं सायकलीचं दुकान बेळगावात १८८८ साली निघालं. लोखंडी नांगराचे पहिले प्रयोगही बेळगावातलेच, आणि तिथली जागा सोडावी लागल्यावर १९१० साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना १९४६ ची. त्याच कंपनीचा एक कारखाना आज कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत आहे, म्हणजे कोगनोळीच्या शेजारी. साताऱ्याच्या कूपर कारखान्याची सुरुवातही शेतीअवजारांतून झाली, आज ते नाव लायनरच्या खोक्यावर वाचायला मिळतं. कोल्हापुरात १९१८ च्या सुमारास बाबूराव पेंटरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिनेमाचा कॅमेरा घरी जुळवला होता. त्याच गावात पुढे उद्यमनगर, मग शिरोली आणि गोकुळ शिरगाव अशी ओतकामाची आणि मशिन शॉपची वस्ती वाढत गेली. बेळगावचं उद्यमबाग त्याच जातीचं. ट्रॅक्टर यायच्या आधी या भागातल्या मेस्त्र्यांनी हात बसवला तो गुऱ्हाळाच्या आणि नदीकाठच्या पाण्याच्या इंजिनांवर. इंग्लंडच्या लिस्टर कंपनीनं १९२९ मध्ये काढलेल्या एक सिलिंडरी इंजिनाच्या नकला देशभर झाल्या. ती मिनिटाला साडेसहाशे फेऱ्या मारायची, चूक झाली तरी सहन करायची. त्या काळच्या बेरिंगा ओतून, निळ लावून, स्क्रेपरनं खरवडून बसवत. त्यातून एक पिढी तयार झाली जिचं बोट मायक्रोमीटरइतकं तीक्ष्ण होतं.

ट्रॅक्टर आला तो आधी सरकारी वाटेनं. स्वातंत्र्यानंतर युद्धातून उरलेली यंत्रं गोळा करून सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन उभी राहिली, ती कांस गवतानं व्यापलेल्या जमिनी फोडायला. खासगी शेतकऱ्याच्या दारात तो मोठ्या संख्येनं पोचला साठ-सत्तरच्या दशकांत. त्या वेळी आलेल्या इंजिनांची घराणी वेगवेगळी आहेत आणि हा फरक मेस्त्रीला आजही रोज भेटतो. फरिदाबादला १९५९ साली जुळू लागलेला आयशर जर्मन वळणाचा: एकच सिलिंडर, हवेवर थंड होणारा, रेडिएटरच नाही. मद्रासच्या टाफेचा मॅसी फर्ग्युसन आणि त्याला सिम्प्सन कंपनीचं पर्किन्स पद्धतीचं इंजिन, हे ब्रिटिश घराणं. त्याच घराण्यातला दुसरा भाऊ म्हणजे महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्या १९६३ च्या भागीदारीतून मुंबईत कांदिवलीला निघालेला बी-२७५. त्यानंतर चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरचं तंत्र घेऊन पिंजोरला १९७१ मध्ये सुरू झालेला एचएमटी: दोन सिलिंडर, वेट लायनर, प्रत्येक सिलिंडरला वेगळं हेड. खेड्यातल्या गॅरेजला याहून सोयीचं इंजिन आजवर आलेलं नाही असं माझं मत आहे, कारण एक सिलिंडर बिघडला तर तेवढाच उघडता येतो. आणि १९७४ चा स्वराज ७२४, दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेत आखलेला, देशी आराखड्याचा. त्याला इंजिन किर्लोस्करचं, म्हणजे पंजाबच्या ट्रॅक्टरच्या पोटात आपल्याकडचं यंत्र.

या सगळ्यांना इथे जे काम पडलं ते त्यांच्या आराखड्यात नव्हतं. निपाणी मुळात तंबाखूची पेठ. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्ग अडवला होता, ते आंदोलन आणि त्यातला गोळीबार अजून लोकांच्या बोलण्यात येतो. पुढच्या दशकांत दूधगंगा-वेदगंगेच्या काठानं ऊस पसरत गेला आणि ट्रॅक्टरचं काम बदललं. नांगरट-पेरणीला लागणारं यंत्र रस्त्यावरचं मालवाहू झालं. नांगरताना इंजिन ठरावीक फेऱ्यांवर ताणात चालतं. ऊस ओढताना मात्र मोठ्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर, रेटून चालवतात, कारण खेपा वाढवायच्या असतात. कमी फेऱ्यांवर ऑइल पंप कमी ऑइल देतो आणि त्याच वेळी बेरिंगवर भार सर्वांत जास्त असतो. आमच्या पट्ट्यात लायनरआधी बेरिंगा का जातात, याचं उत्तर मला यात दिसतं. नाशिककडच्या द्राक्षबागेत फिरणाऱ्या ट्रॅक्टरचं दुखणं वेगळं असणार. इंजिनकामावरचं पुस्तक एखाद्या प्रदेशात रुजलेलं असावं लागतं ते यासाठी. (टपावरच्या स्पीकरच्या भिंती आणि त्यांच्यामुळे डायनॅमोवर येणारा भार हा विषय मी हसत सोडून दिला होता, पण मेस्त्र्यांच्या आग्रहाखातर तोही थोडा आला आहे.)

इंजिन बांधण्याच्या पद्धतींतही तट आहेत. पहिला तट हाफ इंजिनवाल्यांचा. हेड काढा, पिस्टन खालून किंवा वरून ओढा, रिंगा आणि बिग एंडच्या बेरिंगा बदला, व्हॉल्व्ह घासा, बंद करा. क्रँक जागचा हलत नाही, ब्लॉक चेसीपासून सुटत नाही. दोन-तीन दिवसांत ट्रॅक्टर बाहेर. पुस्तकी लोक याला नाकं मुरडतात. मी मुरडत नाही. पैसे नाहीत, पेरणी तोंडावर आहे आणि ट्रॅक्टरला एकच हंगाम काढायचा आहे, तर हा निर्णय शहाणपणाचा ठरू शकतो. अट एवढीच की मालकाला ‘हे एका हंगामाचं काम आहे’ असं आधी सांगितलेलं असावं. दुसरा तट फुल इंजिनचा: ब्लॉक मोकळा करून, आतल्या ऑइलच्या वाटा साफ करून, क्रँक, कॅम, लायनर, हेड, ऑइल पंप, सगळं मापून. तिसरा तट कंपनीच्या नियमांचा, जिथे माप मर्यादेबाहेर गेलं की भाग टाकून द्यायचा, दुरुस्तीची भाषाच नाही. आणि चौथा जुगाडाचा: या मॉडेलचा पिस्टन मिळत नाही, तर त्या मॉडेलचा लेथवर उतरवून बसव. हे काम कधी थक्क करणारं असतं, कधी घातक. पिस्टनचं वजन आणि त्याच्या पिनची उंची जुळली नाही तर कुठलीही हुशारी कामाला येत नाही, हे यात सांगितलं आहे. परदेशात आणखी एक पंथ आहे, जुने ट्रॅक्टर मूळ रंगात, मूळ बोल्टांसकट उभे करणाऱ्या हौशी लोकांचा. त्यांच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे, पण त्यांच्या ट्रॅक्टरला ऊस ओढायचा नसतो.

या तटांच्या आड एक जुना वाद आहे, हाताचा आणि गेजचा. जुने मेस्त्री बोटानं क्रँक फिरवून बेरिंग घट्ट की सैल ते सांगत, आणि ते बहुतेक वेळा बरोबर निघे. पण हाताचा अंदाज शिकवता येत नाही आणि दुसऱ्याला तपासता येत नाही. हेडचे बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, तीन टप्प्यांत आवळायचे असतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. टॉर्क पाना मात्र थोड्यांच गॅरेजांत दिसतो. ‘मला हातातच कळतं’ हे उत्तर मी ज्यांच्याकडून ऐकलं त्यांतल्या काहींचे हात खरोखर तसे होते. त्यांच्या हाताखालच्या पोरांचे नव्हते. दुसरा गैरसमज होनिंगबद्दलचा. आरशासारखा चकचकीत बोअर बघून मालक खूश होतो. प्रत्यक्षात लायनरवर तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा हव्यात. त्यांत ऑइल धरून राहतं आणि नव्या रिंगा त्यांवरच बसतात. चकचकीत बोअरमध्ये रिंगा बसतच नाहीत, इंजिन पहिल्या दिवसापासून ऑइल खातं. म्हणूनच नवं इंजिन तासन् तास रिकामं, हळू चालत ठेवणंही चुकीचं; त्याला सुरुवातीपासून मध्यम भार लागतो.

मग हे सगळं आताच लिहायची निकड का? एक तर जुने ट्रॅक्टर संपत नाहीत. शेतीच्या ट्रॅक्टरची नोंदणी पंधरा वर्षांनी संपली तरी तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते, आणि छोट्या शेतकऱ्याच्या आवाक्यात बहुधा जुनाच ट्रॅक्टर असतो. दुसरीकडे त्यांना बनवणारे मात्र संपत चालले. एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग २०१६ साली बंद करायचं ठरलं. त्याचे सुटे भाग आता पूर्णपणे बाहेरच्या उत्पादकांवर अवलंबून, आणि त्यांत अस्सल-नक्कल ओळखणं हे स्वतंत्र कौशल्य झालं आहे. स्वराज बनवणारी पंजाब ट्रॅक्टर्स महिंद्राकडे गेली, आयशरचे ट्रॅक्टर टाफेकडे. घराणी मिटली, इंजिनं चालू आहेत.

नव्या ट्रॅक्टरांचं वळण वेगळं आहे. ५० अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून उत्सर्जनाचे ट्रेम-४ नियम लागू झाले आणि त्यांच्याबरोबर कॉमन रेल, सेन्सर, इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आलं. धूर कमी झाला ही चांगलीच गोष्ट आहे. पण बिघाड काय आहे हे कंपनीच्या संगणकाशिवाय कळत नाही. अमेरिकेत शेतकऱ्यांचा आणि जॉन डिअर या ट्रॅक्टर कंपनीचा झगडा याच मुद्द्यावर पेटला, आणि आपल्याकडेही केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली तेव्हा शेतीची यंत्रं तिच्या यादीत होती. या चर्चेत आपल्या गॅरेजवाल्यांचं काही म्हणणं असायला हवं असेल, तर त्यांना आपलं काम शब्दांत मांडता आलं पाहिजे. ‘आम्ही वर्षानुवर्षं करतोय’ हा पुरावा समितीसमोर टिकत नाही.

तिसरं कारण इथलंच. कोगनोळी दूधगंगेच्या दक्षिणेला, कर्नाटकात. पूल ओलांडला की महाराष्ट्र. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून ट्रॅक्टरांच्या पाट्यांचं राज्य वेगळं झालं, आता इकडे केए-२३ आणि तिकडे एमएच-०९. इंजिनकाम मात्र दोन्ही बाजूंना वाटलेलं आहे: खोलणं-बांधणं गावात, पंप-नोझल तालुक्याला, बोअरिंग आणि ग्राइंडिंग कोल्हापुरात. २०२१ मध्ये कोरोनाच्या तपासणीसाठी कोगनोळी नाक्यावर गाड्या अडवल्या जात होत्या तेव्हा ब्लॉक अलीकडे आणि क्रँक पलीकडे अशी पाळी कुणावर आली असेल तर नवल नाही. एरवीही एकाच इंजिनाचे चार भाग चार दुकानांत जातात आणि प्रत्येक दुकान फक्त आपल्यापुरतं बघतं. बोअरिंगवाल्यानं पिस्टनचं माप विचारलेलं नसतं, ग्राइंडिंगवाल्याला बेरिंगचं खोकं दाखवलेलं नसतं. इंजिन फसतं ते बहुतेक वेळा या दुकानांच्या मधल्या रस्त्यावर. अख्खं इंजिन डोळ्यांसमोर ठेवणारा माणूस एकच असतो, ते खोलणारा मेस्त्री, आणि त्यानं भागाबरोबर चिठ्ठी पाठवली नाही तर बाकी कुणी पाठवत नाही.

या पुस्तकाचा सगळा रोख त्या चिठ्ठीवर आहे. खोलताना काय दिसलं, कुठलं माप किती आलं, मर्यादा किती होती, काय ठरवलं आणि का, हे लिहून ठेवायची सवय लागावी एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा. त्यासाठी वर सांगितलेल्या घराण्यांतली चार इंजिनं निवडली आहेत: एक हवेवर थंड होणारं, एक ब्रिटिश, एक चेक, एक देशी. प्रत्येकाची झीज वेगळी असल्यामुळे तीच गोष्ट चारदा सांगायची वेळ आली नाही. मध्य प्रदेशात बुदनीला १९५५ पासून असलेल्या केंद्रीय कृषी यंत्रसामग्री प्रशिक्षण आणि चाचणी संस्थेचे अहवाल इथे फार उपयोगी पडले. ट्रॅक्टरची चाचणी झाल्यावर ती संस्था इंजिन उघडून बोअर, रिंगांचा गॅप, जर्नल यांची मापं आणि टाकाऊ मर्यादा शेजारी शेजारी छापते. हे अहवाल सार्वजनिक आहेत, पण ते गॅरेजपर्यंत पोचलेले मी पाहिले नाहीत.

काही गोष्टी मुद्दाम सोडल्या आहेत. गिअरबॉक्स, हायड्रॉलिक, डिफरन्शियल हे विषय मोठे आहेत, त्यांना वेगळं पुस्तक लागेल. इंजेक्शन पंपाचं आतलं काम दिलेलं नाही, कारण ते चाचणी-बेंचशिवाय करूच नये असं माझं ठाम मत आहे. पंप उतरवताना आणि चढवताना टायमिंगच्या खुणा कशा राखायच्या, एवढंच दिलं आहे. कुठल्या कंपनीचं किट चांगलं, याची यादी वाचक शोधतील, ती सापडणार नाही. आज चांगलं असलेलं उद्या तसं असेलच असं नाही. खोक्यातला पिस्टन बाहेर काढून मापता आला तर यादीची गरजही उरत नाही.

सुरक्षेबद्दल जे लिहिलंय ते उपदेश समजून उलटू नये. जुन्या गॅसकेटांत आणि मागच्या दोरीच्या सीलमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते कोरडं खरवडून फुंकर मारणं धोक्याचं आहे. उघड्या हातांनी तासन् तास डिझेलमध्ये भाग धुतल्यानं कातडी जाते. आणि ट्रॅक्टर मधून तोडून दोन भाग वेगळे करताना फक्त जॅकवर विसंबू नये, खाली ओंडके हवेतच.

भागांची नावं गॅरेजात चालतात तशीच ठेवली आहेत. मापं मिलिमीटरमध्ये आणि शेजारी थाऊमध्ये आहेत, कारण नवीन मॅन्युअल मिलिमीटर बोलतं आणि ग्राइंडिंगवाला अजून थाऊ. रिंगेच्या गॅपसाठी बोअरच्या दर इंचामागे तीन ते चार थाऊ हा ठोकताळा जिथे जिथे आला आहे, तिथे त्या इंजिनाचं छापील मापही दिलं आहे. दोन्हींत फरक दिसला तर छापील माप धरावं. शेवटची पानं कोरी सोडली आहेत. त्यांवर रकाने आखलेले आहेत: मॉडेल, चाललेले तास, सिलिंडरनिहाय बोअर वर-मधे-खाली, जर्नल, बेरिंगचा साइज, हेडवर किती वेळा मशिन फिरलं, कुठल्या दुकानानं काय केलं. ही पानं फाडून इंजिनाबरोबर ठेवायची आहेत, ट्रॅक्टर विकला तर नव्या मालकाला द्यायची आहेत. लिहायला पेन्सिल घ्यावी. ऑइलच्या हातात शाईचं पेन चालत नाही.